गोठणगावला शेजारी, दवनीवाड्याला स्वेटरवाले

आमच्या गोंदिया जिल्ह्यात एकाच समाजाबद्दल दोन तऱ्हेचं बोलणं चालतं आणि दोन्ही माझ्या रोजच्या कानावरची आहेत. माझं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ. सासर दवनीवाडा. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास शंभर किलोमीटरचं अंतर. तिकडे इटियाडोहचं धरण आणि जंगल, इकडे थोड्या अंतरावर वैनगंगा आणि पलीकडे बालाघाट. पीक दोन्हीकडे एकच, धान.

माहेरी तिबेटी माणसांचा विषय निघाला की बोलणं असं चालतं. ‘कॅम्पातल्या त्या म्हाताऱ्याचा धान यंदा तुडतुड्यानं गेला जी.’ ‘तिची नात नर्सिंगला गेली बंगलोरला.’ ‘त्यानं ट्रॅक्टरचं भाडं अजून नाही दिलं.’ दवनीवाड्याला तोच विषय निघाला की ऐकू येतं, ‘ते स्वेटरवाले नेपाळी ना? त्यांना सरकार सारं फुकट देते. एवढा माल आणतात कुठून ते?’

पहिल्या बोलण्यात तक्रारी नाहीत असं नाही. खरं तर तक्रारी तिकडेच जास्त. पण त्या तक्रारीतल्या माणसाचं घर कोणतं, त्याची बांधी कोणत्या धुऱ्याला लागून आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं. दवनीवाड्याच्या बोलण्यात नुसते ‘ते’ असतात. दवनीवाड्याची माणसं मनाने लहान आहेत असं म्हणायला मी धजणार नाही. याच गावाने मला सून म्हणून आणि पुढे शाळेतली बाई म्हणून सांभाळलं. फरक माणसांत नाही, व्यवहारात आहे. निर्वासितांबद्दल गावाचं मत कसं बनतं याची चर्चा आपण दिल्ली-मुंबईच्या भाषणांवरून करतो. माझ्या मते ते मत बांधीत, बाजारात आणि कोंडवाड्यात बनतं. ज्याच्याशी आपलं काही अडतं आणि ज्याचं आपल्याशी काही अडतं, त्याच्याबद्दलच ते बदलतं. नुसता नजरेस पडणारा माणूस जन्मभर परकाच राहतो.

आमच्याकडे हे लोक आले कसे, ते नव्या वाचकांसाठी सांगायला हवं. १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी. पहिली काही वर्षं त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी हिमालयातल्या रस्त्यांवर खडी फोडून काढली. मग केंद्र सरकारने राज्यांकडे जमीन मागितली. कर्नाटकने बैलकुप्पे आणि मुंडगोडला दिली, तेव्हाच्या मध्य प्रदेशाने मैनपाटला, ओडिशाने चंद्रगिरीला. महाराष्ट्राच्या वाट्याची वसाहत १९७२ साली आमच्या भागात, जंगलालगत वसली. तेव्हा जिल्हा भंडारा होता, गोंदिया वेगळा झाला तो १९९९ साली. म्हणून तिबेटी समाजात तिला आजही भंडाऱ्याची वसाहत म्हणतात. तिचं नाव नोर्गेलिंग. आमच्याकडे ते नाव कोणाच्या तोंडी नसतं, सगळे तिबेटी कॅम्प म्हणतात.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. १९६२ चं युद्ध होऊन दहाच वर्षं झाली होती, त्यामुळे गावात पहिली वार्ता आली ती ‘चिनी आले’ अशी. माझी आत्या आम्हा पोरांना त्या रस्त्याने जाऊ देत नसे. ते लोक चीनमुळेच घरदार सोडून आलेत हे गावाला कोणी नीट सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी किती पटलं असतं, शंकाच आहे. पटलं ते पुढच्या रोवणीत.

त्यांच्या मुलखात जव पिकतं. थंड, कोरडा, उंच प्रदेश तो. इकडे गुडघाभर चिखल, घाम आणि डास. सरकारने जमीन दिली, पण धान कसा लावायचा हे शिकवलं आमच्या गावच्या रोजंदारीवरच्या बायांनी. माझी माय त्यांच्यात होती, आणि धुऱ्यावर बसून मी ते पाहिलं आहे. परे उपटायचे, मुळांचा चिखल पाण्यात झटकायचा, पेंढी बांधून बांधीत फेकायची, मग ओळीने वाकून दोन-तीन काड्या अंगठ्याने दाबत मागे मागे सरकायचं. तिबेटी बायांचे जाड लांब झगे पाण्यात भिजून जड व्हायचे. पहिल्या दिवशी एका बाईला पाय उचलता येईना. मायने काही न बोलता तिच्या झग्याचा घोळ वर घेतला, कमरेला खोचून दिला आणि तिच्या हातातले मूठभर परे काढून त्यातल्या तीनच काड्या तिच्या बोटांत ठेवल्या. ती बाई फार खोल रोवत होती. खोल रोवलं की फुटवे कमी येतात. हे सांगायला दोघींना सामाईक भाषा नव्हती, म्हणून मायने तिचा अंगठा धरून चिखलात किती दाबायचा ते दाखवलं, दोनदा, तीनदा, जमेपर्यंत. दुपारी दोघींनी आपापली शिदोरी सोडली. ती बाई लोणी घातलेला खारट चहा घेऊन आली होती. मायने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि साऱ्या बाया हसल्या. ती बाईही हसली.

या गोष्टीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं, की तिथे देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरवता येत नव्हतं. जमीन त्यांच्याकडे होती, मजुरी ते देत होते. ज्ञान आमच्या रोजंदारीवरच्या बायांकडे होतं. गावात ज्यांना कोणी काही विचारत नसे त्या बायांना कोणी तरी कामाचं काही विचारत होतं. कॅम्पाबद्दल गावात पहिला चांगला शब्द बोलला गेला तो पाटलांच्या ओसरीवर नाही, या बायांच्या वस्तीत.

पुढे व्यवहार वाढत गेला. हिवाळा आला की कॅम्प निम्मा रिकामा होतो, कारण माणसं स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे लक्ष ठेवणं, गुरांना चारा-पाणी करणं, हे आमच्या गावातली घरं करू लागली. बदल्यात पैसे मिळत, कधी घरच्यांसाठी स्वेटर येत. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला तिबेटी पोरं आमच्यासोबत येत. त्या प्रतापगडला शंकरही आहे आणि दर्गाही, तेव्हा आणखी एक देव मानणारी माणसं आली म्हणून कोणी दचकलं नाही.

भांडणं झाली नाहीत असं मात्र कोणी समजू नये. एकदा आमचे बैल रात्री सुटले आणि कॅम्पाच्या उभ्या धानात शिरले. सकाळी कळलं की बैल कोंडवाड्यात आहेत. माझ्या वडिलांचा, बाबूजींचा, पारा चढला. दंड भरून बैल सोडवायचे म्हणजे गावात नाक गेलं. तावातावाने ते कॅम्पात गेले, आणि तिथे त्यांना धुऱ्यावर उभं करून तुडवलेला धान दाखवण्यात आला. बाबूजी शेतकरी होते. तुडवलेली लोंबी पाहिल्यावर त्यांना पुढे बोलवेना. दंड भरला, नुकसान म्हणून दोन पायल्या धान देऊ केला, समोरच्याने एक घेतला. पण त्या दोन घरांत पुढची दोन-तीन वर्षं बोलणं तुटलंच होतं. ते दोन घरांचं भांडण होतं आणि दोन घरांतच राहिलं. ‘तिबेटी लोक असेच’ असं बाबूजी त्या रागातही म्हणाले नाहीत, कारण त्याच महिन्यात दुसऱ्या एका तिबेटी घराकडून त्यांनी पंप मागून आणला होता. रोजच्या संबंधाने भांडण संपत नाही. ते ज्याचं त्याच्यापुरतं राहतं. मला तर हाच त्याचा सर्वांत मोठा उपकार वाटतो.

जिथे असे अनेक धागे नसतात तिथे एक भांडण साऱ्या समाजावर पडतं. १९९४ च्या एप्रिलमध्ये धर्मशाळेत तेच झालं. एका भांडणात एका तिबेटी तरुणाच्या हातून स्थानिक तरुण मारला गेला आणि तिबेट्यांच्या दुकानांवर, घरांवर जमाव चालून गेला. तिथे तर तिबेटी जवळपास पस्तीस वर्षं राहत होते. पण पर्यटकांच्या पैशाभोवती दुकानाला दुकान लागलेलं असणं वेगळं आणि एकमेकांच्या शेतात राबणं वेगळं.

अभ्यासकांनीही हे तपासलं आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की वेगवेगळे गट एकत्र आले की पूर्वग्रह आपोआप कमी होतात असं नाही. दोघांची पायरी समान हवी, काम एकच हवं, ते मिळून करावं लागावं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. २०१५ साली सीरियातून लोंढे निघाले तेव्हा युरोपात याची जणू परीक्षाच झाली. तुर्कस्तानजवळच्या ग्रीक बेटांवर हजारो निर्वासित उतरत आणि थोड्याच वेळात पुढे निघून जात. बेटावरच्या लोकांना ते नुसते दिसले, आणि त्यांच्याबद्दलचा कडवटपणा वाढला, नंतरही टिकला. ऑस्ट्रियात त्याच वर्षी ज्या गावांतून निर्वासित फक्त पुढे जात होते तिथे त्यांच्याविरोधी पक्षाची मतं वाढली. ज्या गावांत ते राहायला आले, शेजारी झाले, तिथे ती त्या मानाने कमी पडली. ते वाचलं तेव्हा मला परदेश दिसला नाही, गोठणगाव आणि दवनीवाडा दिसले.

आपल्या देशातला दाखला तर याहून बोलका आहे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञाने २०१७ साली बाराशेवर तरुणांचे क्रिकेटचे सामने महिनाभर भरवले. काहींना इतर जातींच्या मुलांसोबत एका संघात घातलं, काहींना त्यांच्याविरुद्ध खेळवलं. एका संघात खेळलेल्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली. समोरासमोर खेळलेल्यांचा संबंध उलट कमी झाला. मैदान तेच, खेळ तोच. फक्त कोण कोणाच्या बाजूला उभा होता, एवढाच फरक.

आता दवनीवाड्याकडे येते. इथल्या माणसाला तिबेटी दिसतो तो थंडीत, गोंदियाच्या बाजारात, कापडी दुकानात स्वेटरांच्या ढिगामागे. एकाने भाव सांगायचा, दुसऱ्याने पाडायचा. म्हणजे लोवच्या भाषेत सांगायचं तर कायम समोरचा संघ. एका हिवाळ्यात शेजारच्या वहिनींसोबत मी त्या बाजारात गेले. त्यांनी पोराचं जर्किन अर्ध्या भावात मागितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘फुकटचा माल आहे यांचा, देतील.’ दुकानवालीला मराठी येत होती. ती न चिडता म्हणाली, ‘फुकटचा नाही हो बाई. लुधियान्याहून उधारीवर उचलतो आम्ही. थंडी नाही पडली तर माल अंगावर.’ वहिनींचं गावात किराण्याचं दुकान. उधारी म्हणताच त्या खाली बसल्याच. शेठ किती दिवसांची मुदत देतो, उरलेला माल परत घेतो का, दुकान लावायची जागा भाड्याची का, व्याज कोण भरतं. दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या आणि मी पिशवी धरून उभी. वहिनी आजही त्यांना नेपाळीच म्हणतात, ते काही सुटलं नाही. पण दिवाळी सरली की विचारतात, ‘ती आली असेल का यंदा? थंडी तर काही पडली नाही.’

या वहिनींचं घर पोवारांचं. माळव्यातून, धारानगरीकडून आपण इकडे आलो, असं पोवार समाज स्वतःच अभिमानाने सांगतो. नवेगावबांधचा तलाव ज्यांनी बांधला ते कोहळीही बाहेरून आलेले, काशीकडून, असं त्यांची परंपरा सांगते. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं गोंदियात आली आणि आज त्यांच्याशिवाय इथल्या बाजाराचं पान हलत नाही. आमच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर ही पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाल्यांची गावं आहेत. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या वर्गात त्या गावांतली मुलं होती. घरी बंगाली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. त्यांच्या मासोळीवर आमचे बुधवार-रविवार भागतात. आणि एक मोठा फरक: बंगाली माणूस इथे मतदार आहे. ग्रामसभेत उठून बोलतो, रस्त्यासाठी तुमच्या-माझ्यासोबत सरपंचाशी भांडतो. ऑलपोर्टची समान पायरी ती हीच.

तिबेट्यांना ती पायरी धडपणे मिळालेली नाही. पन्नासहून अधिक वर्षं जी जमीन ते कसतात ती त्यांच्या मालकीची नाही. अनेकांकडे अजून परदेशी म्हणून नोंदीचं प्रमाणपत्र असतं आणि ते वेळोवेळी नवं करून घ्यावं लागतं. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतः नागरिक आहे. तरी तिबेट्यांच्या बाबतीत हे मान्य व्हायला २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागावा लागला. २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. राज्यांनी जमिनीचे भाडेपट्टे करून द्यावेत, रेशन, रोजगार हमी यांसारख्या योजना त्यांच्यापर्यंत न्याव्यात, असं त्यात म्हटलं आहे. कोणी म्हणेल याचा शेजारपणाशी काय संबंध? पूर्ण संबंध आहे. ज्याचा इथला मुक्काम कागदावर तात्पुरता आहे त्याच्यासोबत दहा वर्षांचा व्यवहार कोण करील? विहीर कोण भागीत खोदील? माणसं एकमेकांना जवळ करतात आणि कागद त्यांना लांब ठेवतो, असं आमच्याकडे चाललेलं आहे.

मला दुसरी काळजी वाटते ती कॅम्पातल्या तरुणांची. ती पोरं शिकायला बाहेर जातात, मग बंगलोर, दिल्ली, जमलं तर परदेश. म्हातारी माणसं मागे उरतात. आमच्या गावातलीही पोरं नागपूर-पुण्याला गेली. रोवणीला आता एकत्र वाकणारे हात दोन्हीकडे कमी. रविवारी मात्र कॅम्पात गर्दी असते. मोटारसायकलींवर पोरं येतात, मठासमोर फोटो काढतात आणि परततात. येऊ देत, कोणाचं वाईट चाललेलं नाही. पण याला संबंध म्हणून मिरवू नये. ग्रीक बेटांवरही माणसं नुसती दिसतच होती. उद्या मोबाईलवर कोणी खोटीनाटी चित्रफीत पाठवली की फोटो काढून गेलेला मुलगा ती पुढे पाठवील. माझ्या भावाकडे ती आली तर त्याच्या हातून आधी एक फोन जाईल कॅम्पात, ‘काय झालं जी तिकडे?’ हा फोन करावासा वाटणं, मला हवं आहे ते इतकंच.

म्हणून माझं मागणं साधं आहे. जिल्हा परिषदेने शाळांच्या सहली कॅम्पात न्याव्यात, पण मठ दाखवून परत आणू नयेत. मुलांना दिवसभर तिथल्या मुलांसोबत काही करायला द्यावं, झाडं लावणं असो की खो-खो. खो-खोचे संघ शाळेच्या नावाने न पाडता चिठ्ठ्या टाकून पाडावेत. थंडीतला स्वेटरांचा बाजार गोंदियापुरता न ठेवता आमच्यासारख्या गावांच्या आठवडी बाजारातही त्यांना ओट्यावर जागा द्यावी, भाजीवाल्यांच्या रांगेत, त्याच दराने. राज्य सरकारने २०१४ च्या धोरणाप्रमाणे भाडेपट्ट्यांचं काम पुरं करावं. आणि गोठणगाव परिसरातल्या ज्या जुन्या बायांनी या लोकांना धान लावायला शिकवलं, त्यातल्या थोड्या अजून हयात आहेत. त्यांना दवनीवाड्यासारख्या गावांतल्या शाळांत बोलवावं. तासभर बोलू द्यावं. भाषणं करणाऱ्या पाहुण्यांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक, आणि कितीतरी गावांत दिवसा कबड्डी. दवनीवाड्यातल्या तरुणांपुढे मी हा विषय काढला आहे. यंदा संघ गावाच्या नावाने उतरवू नका, कॅम्पातली दोन पोरं, अरुणनगरची दोन आणि आपली तीन असा सातांचा एक, असे चार-सहा संघ करा, असं मी त्यांना म्हटलं. ‘मग जिंकलं कोण म्हणायचं, बाई?’ असं एकाने विचारलं. त्यावर आमची चर्चा अजून चालू आहे. मुक्कामाची सोय शाळेत होईल. जेवणासाठी वहिनींनी आपल्या घरचं नाव पहिलं लिहून दिलं आहे, दोन पोरांचं.